बाकारा : नवशिक्याला शिकावे लागते ते किती?

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या कामगार वस्त्यांपैकी खुर्सीपार ही एक. तेथे कॅसिनो नाही, आणि छत्तीसगडमध्ये कोठेही कायदेशीर कॅसिनो नाही. तरीही मोबाईलच्या पडद्यावरील जुगाराने भिलाईचे नाव देशभर गाजले. अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडी) म्हणण्यानुसार, 'महादेव ऑनलाइन बुक' या सट्टाजाळ्याचे मुख्य प्रवर्तक सौरभ चंद्राकर आणि रवि उप्पल हे दोघेही भिलाईचे असून त्यांचा कारभार संयुक्त अरब अमिरातीतून चालत असे. क्रिकेटबरोबरच पोकर, पत्ते आणि निव्वळ नशिबाचे खेळ त्यात होते. अशा संकेतस्थळांवर 'पाच मिनिटांत शिका' म्हणून ज्या खेळांची ओळख करून दिली जाते, त्यांत बाकारा अग्रभागी असतो. हा दावा खोटा नाही. बाकारा खरोखरच पाच मिनिटांत येतो.

नाव फ्रेंच असल्याने शेवटचा 'ट' उच्चारला जात नाही. पत्त्यांचे बहुधा आठ जोड एकत्र पिसून डब्यात ठेवतात. मेजावर दोन हात वाटले जातात. एकाला 'प्लेअर', दुसऱ्याला 'बँकर' म्हणतात. ही केवळ नावे आहेत. 'प्लेअर' म्हणजे पैसे लावणारा नव्हे आणि 'बँकर' म्हणजे कॅसिनोही नव्हे. यांपैकी कोणता हात जिंकेल, की दोघांची बरोबरी होईल, एवढ्यावरच पैज लावायची असते.

एक्क्याचा एक गुण, दोन ते नऊ या पत्त्यांचे तेवढेच गुण. दहा, गुलाम, राणी, राजा यांना शून्य. बेरजेचा फक्त एकम स्थानचा अंक धरतात. सात आणि आठ मिळून पंधरा झाले, तर गुण पाच. नऊच्या सर्वांत जवळचा हात जिंकतो. पहिल्या दोन पत्त्यांतच कोणाचे आठ किंवा नऊ झाले, तर डाव तेथेच संपतो. एरवी प्लेअरचे गुण शून्य ते पाच असल्यास त्याला तिसरा पत्ता मिळतो, सहा-सातवर मिळत नाही. बँकरचा तिसरा पत्ता प्लेअरच्या तिसऱ्या पत्त्यावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, वरील पाच गुणांच्या प्लेअरला चौका आला आणि त्याचे नऊ झाले. बँकरकडे राणी आणि छक्का, म्हणजे सहा गुण आहेत. सहावर बँकर पत्ता घेतो तो प्लेअरचा तिसरा पत्ता छक्का किंवा सत्ता असेल तरच. येथे चौका असल्याने बँकर थांबतो आणि प्लेअर जिंकतो. हे कोष्टक पाठ नसले तरी बिघडत नाही, कारण त्यात पैसे लावणाऱ्याने ठरवायचे काहीच नसते. रमीत पत्ता टाकताना जो विचार करावा लागतो, त्याला येथे जागा नाही.

म्हणून शिकण्यासारखे उरते ते गणित. आठ जोडांच्या खेळात सुमारे ४५.९ टक्के डाव बँकर जिंकतो, ४४.६ टक्के प्लेअर, तर ९.५ टक्के डावांत बरोबरी होते. बँकरवरील विजयातून सामान्यतः पाच टक्के कमिशन कापले जाते. ते धरता बँकरवरील पैजेत कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४ टक्के पडतो. बरोबरीला आठपट मिळतात, पण तेथे हाच वाटा १४.४ टक्क्यांच्या आसपास जातो. शंभर रुपयांचे दोनशे डाव खेळल्यास सरासरी तोटा बँकरवर सुमारे २१० रुपये, बरोबरीवर सुमारे २,९०० रुपये. अर्थात ही सरासरी आहे. बँकरवर खेळणारा एखाद्या संध्याकाळी हजार रुपये जिंकूनही उठू शकतो, आणि नवशिक्याला खेळ 'जमू लागला' असे वाटते ते त्याच संध्याकाळी.

मेजाजवळील फलकावर मागील डावांचे लाल-निळे ठिपके मांडलेले असतात. त्यांतून पुढचा डाव ओळखता येत नाही. हरल्यावर पैज दुप्पट करण्याची युक्तीही जुनीच. शंभरापासून सुरुवात करून सलग सात डाव हरल्यास १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० लावावे लागतात. जिंकल्यास निव्वळ लाभ शंभराचा, बँकरवर असल्यास कमिशनमुळे तोही नाही.

देशात गोव्यात मांडवीतील जहाजांवर आणि सिक्कीममध्ये परवानाधारक कॅसिनो आहेत. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून तेथे खेळण्यास बंदी करण्यात आली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. छत्तीसगडच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात (२०२२) ऑनलाइन जुगारासाठी स्वतंत्र शिक्षा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात तर पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवण्यास आणि त्याची जाहिरात करण्यास मनाई आहे.

वरील टक्केवारी प्रामाणिकपणे पिसलेल्या पत्त्यांची आहे. 'महादेव'बाबत ईडीने २०२३ मध्ये सांगितले ते वेगळेच होते : खेळांची रचनाच अशी की एकंदरीत शाखाचालक तोट्यात जाणार नाही, ग्राहकाला सुरुवातीला नफा होईल, पण अखेरीस तो हरेल. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी केंद्र सरकारने 'महादेव'सह २२ बेकायदा सट्टा अॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश काढले. पुढे हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडेही (सीबीआय) गेला.