खडकवासल्यात मधुमालती लावताना

खडकवासला परिसरात बंगल्याच्या फाटकासाठी अथवा सोसायटीच्या कुंपणासाठी वेल निवडताना मधुमालतीचा विचार आधी व्हावा. तिचे फूल सायंकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि त्यानंतर लाल होते. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग नांदतात. रात्रीच्या सुगंधाने लांब सोंडेचे पतंग तिच्याकडे येतात. माधवीलता अर्थात हळदवेल ही मात्र निराळी वनस्पती. रोप घेताना नामसाधर्म्याने फसू नये. मधुमालतीचे जुने शास्त्रीय नाव क्विसक्वालिस, म्हणजे लॅटिनमध्ये 'कोण? कसा?'. आधी झुडपासारखी वाढून मग वेल होणारीला ते शोभतेही. आता ती कॉम्ब्रेटम इंडिकम या नावाने ओळखली जाते.

मुळांतून फुटलेला धुमारा किंवा दाब कलम पावसाळ्याच्या आरंभी लावावे. मुरमाड जमिनीत दोन फुटांचा खड्डा घेऊन तो चांगली माती व शेणखताने भरावा. पाणी साचल्यास मुळे कुजतात. पाच-सहा तास ऊन हवेच. सावलीत नुसती पाने वाढतात.

खरी चूक होते ती छाटणीत. फुले नव्या फुटींवर येतात, म्हणून बहर सरल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत छाटणी उरकावी. ऐन मे महिन्यात वेल 'नीटनेटकी' करणारा माळी त्या वर्षीचा बहरच कापून टाकतो. गळलेल्या पानांचे देठ काट्यांसारखे टणक होतात, हातमोजे घालावेत. पावसात भिजलेल्या जुन्या वेलीचा भार मोठा असतो. धरणाकडून येणाऱ्या वाऱ्यात बांबूचा मांडव टिकत नाही. लोखंडी कमान उभारावी.