आडवा कंस

लिलीपॉन्ड या संगीत छापण्याच्या प्रोग्राममध्ये सगळं नोटेशन टाइप करायचं असतं. स्वरांची अक्षरं लिहायची आणि जे स्वर जोडून वाजवायचे त्यांच्या दोन टोकांना साधा कंस घालायचा. कागदावर तोच कंस आडवा पडून स्वरांवर कमान धरतो. हा स्लर. व्हायोलिन-चेलोवर त्याचा अर्थ सरळ आहे: एवढे स्वर गजाच्या एका ओढीत.

(भातखंडे पद्धतीतही कमान आहे, पण तिचं काम वेगळं. वर असली तर मींड, खाली असली तर एका मात्रेत बसवलेले स्वर.)

लिलीपॉन्ड आतल्या आत अनेक कमानी मांडून पाहतं. कुठे स्वराच्या डोक्याला घासली, फार तिरकी झाली, की दंड लावतं आणि कमीत कमी दंडाची ठेवतं. तरीही एखादी कमान बोटांच्या आकड्यावर जाऊन बसतेच. मग ‘शेप’ ही आज्ञा. तिला आकड्यांच्या चार जोड्या द्याव्या लागतात: पहिली आणि चौथी टोकांची, मधल्या दोन फुगवट्याच्या. एकक म्हणजे स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर, एक घर. मधले दोन्ही बिंदू एक घर वर सरकवले तर कमानीचा माथा पाऊण घरच चढतो, कारण ती त्या बिंदूंना शिवत नाही, त्यांच्याकडे नुसती ओढली जाते.

हे चार बिंदू मोटारींच्या कारखान्यातले. 1959 मध्ये सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जोने हे गणित मांडलं, पण कंपनीने ते झाकून ठेवलं. रेनॉच्या पिएर बेझिएचं काम प्रसिद्ध झालं आणि वक्राला त्याचं नाव मिळालं.

1996 मध्ये दोन डच तरुणांनी लिलीपॉन्ड सुरू केलं, त्याआधी ते म्युझिक्सटेक या संगीत छापण्याच्याच दुसऱ्या प्रणालीसाठी एक पूरक प्रोग्राम लिहीत होते. म्युझिक्सटेकमध्ये तेव्हा स्लर फाँटमधल्या तयार तुकड्यांचे, म्हणजे ठरावीक उताराचेच असत. ही जुनीच अडचण. 1750 च्या दशकात लाइपझिगला ब्राइटकोफने संगीताचे सुटे खिळे पाडले. पण जी रेघ दर वेळी वेगळी वळते तिचा खिळा पाडणार कसा? धातूच्या पत्र्यावर कोरणाऱ्यांनी हा प्रश्नच टाळला. स्वरांची डोकी ठशाने ठोकायची, स्लर मात्र कोरणीने, हाताने, तोही उलटा. माझ्या मते ‘शेप’ ही त्याच कोरणीची वारस आहे.

लिलीपॉन्डने नमुना म्हणून समोर ठेवली ती बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेची 1950 ची हाताने कोरलेली प्रत, बाखच्या चेलो स्वीट्सची. गंमत अशी की बाखच्या हातचं हस्तलिखित उरलेलं नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिच्या नकलेत स्लर इतके सैल आहेत, की ते नेमके कुठे सुरू होतात यावर वादक अजून भांडतात.

त्याहून मागे, 1624 मध्ये, सामुएल शाइट या संगीतकाराने कळफलकाच्या वाद्यासाठी अशा कमानी छापल्या, आणि ही गजाच्या वादकांची नक्कल आहे असं सांगूनही टाकलं.

‘शेप’चे आकडे घालण्याआधी ओळी कुठे तुटणार ते पक्कं करून घ्या. स्लर दोन ओळींत विभागला, की आठाचे सोळा आकडे होतात.