पेजेची न्याहारी

पेज हे कोकणातले आणि गोव्यातले सकाळचे जुने अन्न. तांदूळ किंवा नाचणी, पाणी आणि मीठ एवढ्यावर ती होते. गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, सोयाबीन यांतले काहीच तिला लागत नाही. एकाच वेळी तीन-चार पदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलाला सकाळी काय खायला घालावे, असा प्रश्न आज घरात पडतो तेव्हा पेजेची आठवण होते ती यामुळे.

पेज हा शब्द संस्कृत ‘पेया’वरून आला. आयुर्वेदाच्या संहितांनी भाताच्या पातळ प्रकारांना वेगवेगळी नावे दिली आहेत. शिते काढून घेतलेले नुसते पाणी तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, दाट झाली की विलेपी. पंचकर्मानंतर रोग्याला एकदम जेवण न देता पेयेपासून विलेपीपर्यंत पायरीपायरीने नेत. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही पटकीच्या रोग्याला मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात, असे नोंदवले आहे; त्याला तो ‘कांजी’ म्हणतो.

शेतकऱ्याच्या घरी मात्र पेज हे आजारपणाचे खाणे नव्हते. ती रोजची न्याहारी होती, आणि तिच्यासाठी तांदूळ उकडाच हवा. भात आधी उकडायचे, वाळवायचे, मग कांडायचे. उकडताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्यात मुरते, म्हणून हा तांदूळ जास्त पौष्टिक. तांबूस, जाड शिते मऊ होईपर्यंत शिजली की पेज पाण्यासकट वाढायची. तोंडी लावायला खारातली कैरी किंवा भाजलेले सुकट. तान्ह्या बाळाच्या वाटीत वरची निवळ तेवढी जाई.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत भात होत नाही, तिथे नाचणी पिकते. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतली, पण फार पूर्वी इथे येऊन रुळलेली. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूध वर्ज्य असलेल्या मुलासाठी ही मोठीच गोष्ट आहे. मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करीत. नाचणी भिजवून, मोड आणून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि तळाशी बसलेला साका वाळवून ठेवायचा. सकाळी चमचाभर सत्त्व थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की काही मिनिटांत वाटी तयार. ते आधी कालवले नाही, तर मात्र गुठळ्या हमखास होतात.

विसाव्या शतकात ही न्याहारी मागे पडली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कोकणी माणूस चहा-पावाला सरावला. 1956 च्या पी.एल. 480 करारानंतर अमेरिकेचा गहू रेशनवर आला, 1970 पासून ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. दाण्याचा कूट तर आज अस्सल मराठी वाटतो, पण शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला. पेज गरिबाचे अन्न ठरली. पाहुण्यांसमोर ती काढायला लोक लाजू लागले, हे या इतिहासातले सर्वांत दुःखद पान म्हणावे लागेल.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये घडवला. अमेरिकेने 2004 च्या कायद्याने दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरची कवचफळे, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन या आठ गोष्टींचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा केला. पुढे तिळाची भर पडली. नुसत्या पेजेत यांपैकी एकही नाही, सुकट बाजूला ठेवले की झाले. तरी ती प्रत्येक बाळाला चालेलच असे नाही. काही तान्ह्या बाळांना तांदूळ खाल्ल्यावर एक ते चार तासांत जोराच्या उलट्या होतात. म्हणून काय वगळायचे आणि काय सुरू करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

पूर्वी नाचणी घरच्या जात्यावर दळली जाई. आता ती पिठाच्या गिरणीत जाते, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू यंत्रात उरलेला असतो. तेवढे पीठही गव्हाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला त्रास देऊ शकते. त्यामुळे अशा घरांत नाचणी निवडून, धुऊन, वाळवून घरच्याच मिक्सरवर दळतात आणि त्या भांड्यात दुसरे काही वाटत नाहीत.