हॉट रॉडचे हेडर पाईप एवढे का तापतात आणि त्यांचा गंज कसा रोखतात?

इन्स्टाग्रामवर जुन्या अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ पाहिले असतील, तर हे दृश्य ओळखीचं असेल. बॉनेट नाही, चाकांवर मडगार्ड नाहीत आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले चकचकीत पाईप. ही गाडी म्हणजे हॉट रॉड आणि ते पाईप म्हणजे तिचे एक्झॉस्ट हेडर. फोटोत सगळ्यात देखणा दिसणारा हा भाग मालकाला सगळ्यात जास्त त्रासही देतो. तो प्रचंड तापतो आणि लवकर गंजतो. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते समजून घेऊया.

हेडर म्हणजे काय?

१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घेऊन त्यांचं वजन कमी करायचे आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर त्या पळवायचे. हॉट रॉडची सुरुवात तिथली. व्ही-८ इंजिन असलेली १९३२ ची फोर्ड आजही या छंदाची ओळख मानली जाते.

कंपनीच्या गाडीत सगळ्या सिलिंडरचा धूर बिडाच्या जाड मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. हॉट रॉडमध्ये त्याऐवजी हेडर बसवतात. यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाईप असतो आणि ते सगळे पुढे ‘कलेक्टर’मध्ये मिळतात. धूर मोकळा बाहेर पडल्यामुळे ताकद वाढते. पण हे पाईप साधारण सव्वा ते पावणेदोन मिलिमीटर जाडीचेच असतात.

एवढी उष्णता येते कुठून?

पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनातून ६५० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाचे वायू बाहेर पडतात. पाईप पातळ असल्यामुळे ही उष्णता लगेच बाहेर येते. स्पार्क प्लगच्या वायरी वितळतात, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते आणि स्टार्टर मोटर तापून फिरेनाशी होते. गाडीतून उतरताना पोटरी भाजणं हाही या छंदातला जुना अनुभव.

गाडी नुसती उभी असताना हेडर लालबुंद दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा पाईपमध्ये नसतो. इग्निशन टायमिंग मागे गेलेलं असतं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असतं. ठिणगी उशिरा पडली की जळण्याचा काही भाग थेट एक्झॉस्टमध्ये होतो. अशा वेळी कोटिंगवर पैसे घालण्याआधी ट्यूनिंग करून घ्यावं लागतं.

मग गंज का चढतो?

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गरम एक्झॉस्टमधून ते वाफ होऊन निघून जातं. पण इंजिन थंड असताना तेच पाणी पाईपच्या आत साचतं. हॉट रॉड बहुतेक वेळा गॅरेजमध्ये उभी असते. दहा मिनिटांसाठी सुरू करून पुन्हा बंद केली, तर पाईप नीट तापतच नाही आणि ओल आत राहते. बाहेरून साधा रंग असेल तर तो पहिल्याच फेरीत जळून जातो आणि उघड्या लोखंडावर गंज चढतो.

उपाय कोणते?

हीटप्रूफ रंग: सिलिकॉनवर आधारित हा रंग साधारण ६५० अंशांपर्यंत टिकतो. पण आधी पाईप घासून तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो आणि रंग टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण आतला गंज यामुळे थांबत नाही.

सिरॅमिक कोटिंग: हे पाईपच्या आतून-बाहेरून करून भट्टीत पक्कं करतात. गंज आणि उष्णता दोन्हीवर चालतं, पण खर्चिक असतं. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना ट्यूनिंग बिघडलेलं असू शकतं. त्यामुळे ते जुन्या हेडरवर सेट करून मगच कोटिंग केलेले पाईप लावतात.

हीट रॅप: पाईपभोवती फायबरग्लास किंवा बसाल्टच्या धाग्यांची पट्टी गुंडाळतात. आजूबाजूचे भाग थंड राहतात, पण पाईप स्वतः जास्त तापतो आणि पट्टीखाली ओल अडकते. साध्या लोखंडाचा पाईप अशाने आतल्या आत सडतो. म्हणूनच काही हेडर कंपन्या रॅप केल्यास वॉरंटी देत नाहीत.

स्टेनलेस स्टील: ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे गंज सहसा चढत नाही. मात्र ते तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावतं. ५०० अंशांनी तापलेला एक मीटरचा पाईप जवळपास ९ मिलिमीटर वाढतो. म्हणून जाड फ्लँज वापरतात आणि काही वेळा गाडी चालवून झाल्यावर, पाईप थंड असताना बोल्ट पुन्हा तपासतात.

दुर्लक्ष केलं तर?

गंजून भोक पडलं की फट-फट आवाज येतो, पण खरा धोका आवाजाचा नाही. त्या भोकातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो आणि बंद टपाच्या गाडीत तो आतही शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, चक्कर येणं ही पहिली लक्षणं प्रवासाचा थकवा समजून सोडून दिली जातात. त्यामुळे पाईप आणि गॅस्केटभोवती काजळीचे डाग दिसले, तर गाडी तिथेच थांबवून गळती शोधणं शहाणपणाचं.

सगळ्यात सोपी काळजी मात्र फुकट आहे. गाडी सुरू केलीच, तर अर्धा तास रस्त्यावर नीट चालवायची, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. आपल्याकडे बाईकचा निळा पडलेला बेंड पाईप अनेकांनी पाहिला असेल. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यामुळे तो रंग दिसतो. हॉट रॉड असो वा बाईक, पाईपमधलं विज्ञान एकच आहे.