अर्धवट गाड्यांचा इतिहास

मराठवाड्यात ज्या घरात एक जुनी मोटारसायकल असते, त्या घरात सहसा एकच नसते. एक चालती, एक उघडलेली आणि एक "हिचे पार्ट त्या दुसरीला लागतील" म्हणून ठेवलेली. नांदेडच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात आज अशा पाच गोष्टी अर्धवट पडून आहेत: वडिलांची राजदूत, मामांकडून आलेली येझदी, एक लुना, कूलरच्या जुन्या मोटरीवर ग्राइंडर बसवायचा घाट, आणि एक पाण्याची मोटर. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, महिन्यातले दोन रविवार नांदेडात काढतो. बायको म्हणते, "एक तरी पूर्ण करा की हो." मित्र म्हणतात हा आळस आहे. मला मात्र या सवयीला इतिहास आहे असं वाटायला लागलं, म्हणून आजचा हा विषय.

तर सुरुवात करू लायसन्स राजपासून. 1951 च्या औद्योगिक कायद्यानं कारखान्यानं काय बनवायचं आणि किती बनवायचं हे परवान्यावर ठरायला लागलं. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवलं, असा सरळ मामला नव्हता. परदेशी सुटा भाग आणायचा तर आयातीचा परवाना वेगळा. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि हातात आलेली जुनी स्कूटर नव्यापेक्षा जास्त किमतीला विकली जाई, हे आपल्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

मोटारसायकलींची नावंही मोजकीच. मद्रासची एनफिल्ड 1955 पासून बुलेट जोडू लागली. म्हैसूरला 1961 मध्ये आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. जावा हे नाव जानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून प्राग शहरात 1929 साली तयार झालेलं. त्याच म्हैसूरच्या गाडीची पुढं येझदी झाली. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, 1962 ची. ही मुळात पोलंडची एसएचएल एम-11. म्हणजे बघा, चेक गाडी, पोलिश गाडी आणि इंग्लिश गाडी, तिघी आपल्या धुळीत अन् काळ्या मातीत धावणार. चौथी घरची म्हणावी अशी लुना, 1972 ची, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची. तिचा पाळणाही इटलीचाच, पियाज्योच्या चाओ मोपेडचा.

आता या गाड्या नांदेड-लातूरला पोचल्या म्हणजे कुठं पोचल्या ते पाहा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. पण रेल्वेचे रूळ काही कायद्यानं रुंद होत नाहीत. मनमाड ते सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली लाईन मीटर गेज होती. मुंबईकडचा माल मनमाडला ब्रॉडगेजमधून उतरवून पुन्हा चढवायचा. नांदेडला ब्रॉडगेज यायला 1990 चं दशक उजाडलं. लातूरचं तर त्याहून पुढं. तिथं बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज 1911 पासून होती, ती पूर्ण रुंद व्हायला 2008 उजाडलं. त्यामुळं आमच्याकडं बाजारपेठ म्हणजे बहुतेक वेळा हैदराबाद. सुटा भाग तिकडून ट्रान्सपोर्टनं, नाहीतर कुणी लग्नाला गेलेला पाहुणा पिशवीत घालून आणणार. पिस्टन मागवला आणि तो महिन्याभरात आला तर नशीब. आला तो योग्य मापाचा निघाला तर डबल नशीब :)

मग गॅरेजवाल्या उस्तादानं काय करायचं? गाडी उघडली, बोअर गेलाय कळलं, पिस्टन-रिंगा मागवल्या, आणि महिनाभर हातावर हात ठेवून बसायचं? त्यानं दुसरी गाडी उघडली. तिची कॉईल गेलेली, ती मागवली. तिसरी उघडली. दारात सात-आठ उघड्या गाड्या हे निष्काळजीपणाचं लक्षण नव्हतं, वाट पाहण्याच्या काळात हात रिकामे राहू नयेत म्हणून केलेली ती सोय होती.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच ओळखीचं वाटेल. 1960 च्या आसपास कॉम्प्युटर प्रचंड महाग होते, आणि ते महागडं यंत्र टेपवरून माहिती येईपर्यंत नुसतं बसून राहायचं. त्यावर तोड निघाली ती मल्टिप्रोग्रॅमिंगची. एक काम टेपची वाट पाहतंय ना, मग तोवर दुसरं चालवा. एमआयटीनं एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देणारी सीटीएसएस ही सिस्टिम 1961 च्या नोव्हेंबरमध्ये दाखवली. म्हैसूरला जावा सुरू झाली त्याच साली! आमच्या उस्तादानं सीटीएसएसचं नावही ऐकलं नव्हतं, पण वजिराबादच्या गल्लीत तो तेच करत होता.

याच्या आधीही आपल्याकडं अशी माणसं होऊन गेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते आणि त्याच वेळी मुंबईहून सायकली बेळगावला भावाकडं, रामण्णांकडं, पाठवत होते. सायकलींचं ते दुकान 1888 चं. पुढं नोकरी सोडून बेळगावला आल्यावर कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळं पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं लागली असं सांगतात. ती दोन वर्षं बाकीची कामं चालू होती म्हणून नांगर टिकला. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडला जागा दिली आणि किर्लोस्करवाडी झाली, हा भाग शाळेच्या पुस्तकातला.

दुसरे शंकर आबाजी भिसे (1867-1935). मुंबईचा माणूस, लंडनला गेला, छापखान्याचे खिळे ओतणारं 'भिसोटाइप' यंत्र तयार केलं. दादाभाई नौरोजींनी मदत केली, पुढं सर रतन टाटांनी पैसा लावला. तरी ते यंत्र बाजारात उभं करायचा खटाटोप दोन दशकं चालला, थेट न्यूयॉर्कपर्यंत. या काळात भिसे थांबले नाहीत. वजन करणारी यंत्रं, विजेची उपकरणं, शेवटी आयोडिनचं औषधसुद्धा. सुमारे 40 पेटंटं त्यांच्या नावावर सांगतात. लोक त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणायचे. मला त्यांच्या आयुष्यात दिसते ती भांडवलाची वाट पाहणारी आणि त्या वाटेवर दहा यंत्रं उघडून बसलेली बुद्धी.

म्हणजे एकाच वेळी अनेक कामं उघडणं हा दुर्गुण नाही, तर टंचाईतलं शहाणपण आहे. पण शहाणपणाला तारीख असते, आणि इथं गोष्ट वळण घेते.

1980 च्या दशकात सरकारनं जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली. 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हिरो होंडा आणि यामाहा आरएक्स 100. त्याच 1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, तोही मराठवाड्यात, औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर). 1986 पासून एम-80 आणि कावासाकी बजाज. 1991 मध्ये बहुतेक उद्योगांचे परवानेच गेले. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढं 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी नव्या रूपात परत आल्या, पण ती यंत्रं वेगळी. आणि आज? राजदूतचा गॅस्केट सेट मोबाईलवर मागवला की पाच दिवसांत शिवाजीनगरला घरी हजर. तीन गाड्यांचे भाग एकाच आठवड्यात आले, असंही झालंय.

म्हणजे टेपची वाट पाहणं संपलं. आता अडतं ते एका जागी: माझ्या दोन रविवारांत. आमच्या भाषेत सांगायचं तर अडचण पूर्वी इनपुट-आउटपुटला होती, आता प्रोसेसरला आहे. अशा वेळी कामं वाढवली की काय होतं ते पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये मांडलं. त्याला थ्रॅशिंग म्हणतात: यंत्र काम करण्याऐवजी एका कामाचं सामान काढून दुसऱ्याचं मांडण्यातच दमतं. शेडात हे डोळ्यांनी दिसतं. येझदीचा हा बोल्ट कुठला, हा शिम कुठल्या बाजूचा, हे आठवण्यात पहिला दीड तास जातो. मग चहा. मग लुना.

दुसरा हिशेब जॉन लिटल यांचा, तोही 1961 चाच. रांगेत सरासरी जेवढी कामं, भागिले दर वर्षी पूर्ण होणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारी सरासरी वर्षं. शेडात पाच गोष्टी आणि वर्षाला एक पूर्ण होणार, तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच वर्षं. दोनच ठेवल्या तर दोन वर्षं. कष्ट तेवढेच, हत्यारं तीच. बदलतं फक्त रांगेत उभं राहणं.

आता कुणी म्हणेल, पडू दे की पाच वर्षं, लोखंड आहे, कुठं जातंय? जातं. उघडं इंजिन थांबून राहत नाही, ते झिजत राहतं. नांदेडच्या एका पावसाळ्यात सिलिंडरला गंज धरतो. मग पुन्हा बोअर करायचा, पाव-पाव मिलिमीटरनं मोठा. ओव्हरसाइज पिस्टन साधारण एक मिलिमीटरपर्यंत मिळतात. म्हणजे जेमतेम चार संधी, आणि जुन्या गाडीच्या त्यातल्या दोन-तीन आधीच्या मालकांनी खाल्लेल्या असतात. क्रँकचे रबरी सील कडक होतात. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. ते हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा कार्बोरेटरमध्ये महिनोन्‌महिने तसंच ठेवायची सोय नाही. कागदांचंही तेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओची फेरनोंदणी, आणि त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी लागते.

आणि माणसं. येझदीचा गिअर आणि किक एकाच दांडीवर असते, ती आत ढकलून वर फिरवली की किक. हे पुस्तकात वाचता येतं. पण राजदूतचे पॉइंट कानानं लावणं, फक्त आवाजावरून "अजून एक केसभर" म्हणणं, हे वाचून येत नाही. आमच्या उस्तादांचं वय आता सत्तरीच्या पुढं. त्यांचा मुलगा टायरचं दुकान चालवतो, त्याला यात रस नाही. वडील एकोणऐंशीचे. राजदूत त्यांनी तरुणपणी किनवट-भोकरच्या रस्त्यांवर नोकरीसाठी फिरवली. मागच्या महिन्यात त्यांनी सहज विचारलं, "अरे, ती चालू होईल का रे?" आवाजात काही आग्रह नव्हता.

शेड्युलिंगच्या पुस्तकात लियू आणि लेलँड यांचा 1973 चा एक नियम आहे: ज्या कामाची मुदत सगळ्यांत आधी संपते ते आधी घ्या. सोपं काम नाही, आवडतं काम नाही, भाग हाताशी आहेत ते कामही नाही. हा नियम शेडाला लावला तर उत्तर एकच येतं. येझदी नव्या रबरांसाठी थांबू शकते. लुनाला घाई नाही. ग्राइंडर तर काय, नसला तरी चालतो. पाण्याची मोटर उन्हाळ्याआधी लागेल, म्हणून ती दुसरी. आणि पहिली राजदूत, कारण तिची मुदत गंजावर किंवा आरटीओवर अवलंबून नाही.

म्हणून येझदीचं इंजिन ग्रीस लावून पिशवीत बांधलं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लिहिली. लुनावर ताडपत्री. येत्या रविवारी उस्ताद येतो म्हणालेत. पॉइंट त्यांनी लावायचे, मी बघायचं आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा. वडिलांची खुर्ची शेडाच्या दारात ठेवणार आहे.

तुमच्याकडंही अशी उघडलेली एखादी गाडी असेल, तर भाग मिळतात का ते नंतर बघा. तिची मुदत कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा.