गाळाचे मोल

मुंबईच्या अर्वाचीन इतिहासातील दोन प्रकरणे सहसा निरनिराळी सांगितली जातात. परंतु ती एकत्र वाचल्यावाचून त्यांचा अर्थ पुरता उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

पहिले माले-मुळशीचे. दि. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या गाळावर पोसलेली त्यांची भातखाचरे मुंबईच्या विजेसाठी बुडावयाची होती, आणि अखेर ती बुडाली. भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वसमुद्रास जाणारे मुळेचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत व तेथून रेवदंड्याच्या खाडीस जाऊ लागले. पाणी घाट उतरले; गाळ बहुतांशी धरणातच राहिला.

दुसरे बॅक बेचे. मावळात ही धामधूम चालू असताना गव्हर्नर लॉइड यांच्या सरकारने १९२० साली समुद्र हटवून ११४५ एकर जमीन करण्याचे काम हाती घेतले. बंदराच्या तळचा गाळ ड्रेजरने उपसून भिंतीआड ओतावा, ही योजना. परंतु ओहोटीबरोबर तो भिंतीतून निसटू लागला, खर्च फुगला, नरीमन यांनी कारभार चव्हाट्यावर आणला, आणि निम्म्याहूनही कमी भूमी हाती आली.

एकीकडे माती बुडविली, दुसरीकडे चिखलाची माती करू पाहिली. तिचे निसर्गदत्त कार्य कोणीच विचारात घेतले नाही. भरतीबरोबर येणारा बारीक गाळ थराथराने साचतो, खारी वनस्पती त्यास धरून ठेवते, आणि खाजण समुद्राबरोबर उंचावते. गाळ आटला की समुद्र वरचढ होतो.

अमेरिकेत हे ध्यानी घेऊन बाल्टिमोरच्या जलमार्गातील गाळ चेसापीक उपसागरातील झिजलेल्या पॉपलर बेटावर, तर सॅन फ्रान्सिस्कोकडील गाळ सोनोमाच्या खाजणांत घालण्यात आला. तेथे समुद्रास कायमचे कोंडावयाचे नसून, योग्य उंची साधल्यावर भरतीस वाट द्यावयाची असते.

मुंबईच्या जलमार्गांतूनही गाळ उपसावाच लागतो. त्यातील विषारी द्रव्ये आधी तपासली पाहिजेत. जिवंत तिवरांच्या श्वासमुळांवर तो टाकणे म्हणजे त्यांचा गळा घोटणेच होय. एवढे सांभाळून खचत्या खाजणांस तो देता येईल. मात्र मालेकरांना न विचारता त्यांची माती घेतली गेली, तसे खाडीकाठच्या कोळ्या-आगऱ्यांच्या बाबतीत होऊ नये. गाळ कोठे टाकावा हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा खरा. परंतु कोणास विचारून टाकावा, हा न्यायाचा आहे.