पाहुण्याचे वस्त्र

योरुबा लग्नाला जाताना काय घालावे, हा निर्णय बहुधा पाहुण्याचा नसतो. यजमान कापड निवडतात. पाहुण्याने ते विकत घेऊन शिवायचे. हेच 'आसो एबी', कुटुंबाचे वस्त्र. पुष्कळदा ते 'अंकारा' असते. हे छापील कापड मुळात जावाच्या बाटिकची यांत्रिक नक्कल; हेल्मंड येथे १८४६ साली स्थापन झालेल्या व्लिस्कोसारख्या डच कारखान्यांनी ते पश्चिम आफ्रिकेत विकले. म्हणून ते आफ्रिकी नव्हेच, हे मत आम्हाला मान्य नाही. नक्षी कारखान्याची असली, तरी तिला नावे दिली बाजारातल्या व्यापारी स्त्रियांनी. फ्रेंचभाषक प्रदेशात पिंजऱ्यातून उडणाऱ्या पक्ष्याचे कापड नवऱ्याला बजावते: तू बाहेर गेलास, तर मीही जाईन! (लग्नात ते मिरवणे धाडसाचेच.) मात्र आसो एबीचा खर्च पाहुण्याच्याच माथी येतो, ज्याला तो झेपत नाही, तो सग्यासोयऱ्यांतही वेगळ्या रंगात उठून दिसतो.